बेइदाचा वाढदिवस नेमका कधी? पेकिंग विद्यापीठाच्या सुरुवातीच्या काळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनचा आधुनिक इतिहास वाचायला घेतला की पेकिंग विद्यापीठ दर दहा पानांनी भेटतं. तिथेच माओ, तिथेच लेखक लू शुन, ४ मेचा मोर्चाही तिथूनच निघालेला. त्यामुळे तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

पेकिंग की बीजिंग? आणि ‘बेइदा’ म्हणजे काय?

शहराला आज बीजिंग म्हणतात, पण विद्यापीठाने आपल्या इंग्रजी नावात जुनं ‘पेकिंग’ मुद्दाम ठेवलं आहे. चिनी माणूस मात्र ‘बेइजिंग दाश्वे’ या नावातली दोन अक्षरं उचलून ‘बेइदा’ म्हणतो. आपण ‘फर्ग्युसन’ म्हणून मोकळे होतो, तसंच. पुढे मीही बेइदाच लिहितो.

विद्यापीठ स्थापन कधी झालं?

सरळ उत्तर: १८९८. पण या प्रश्नाला सरळ उत्तर देऊन भागत नाही. शाही हुकूम निघाला तो जून १८९८ मध्ये, नियमावली मंजूर झाली जुलैत आणि दारं उघडली वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला. दीड वर्षात सगळं बंद पडलं. पुन्हा सुरू झालं १७ डिसेंबर १९०२ रोजी. आजचं नाव मिळालं १९१२ मध्ये. आणि आपण ज्याला विद्यापीठ म्हणू तसं ते झालं १९१७ नंतर, असं माझं मत आहे. वाढदिवस या सगळ्यांहून वेगळ्याच तारखेला साजरा होतो. त्याबद्दल शेवटच्या प्रश्नात.

कल्पना कोणाची?

१८९५ मध्ये चीन जपानकडून हरला. ज्याला शतकानुशतकं धाकटा समजलो, त्याने मारलं, ही ठसठस मोठी होती. इंग्रजांकडून हरणं त्या मानाने पचलं होतं. जहाजं आणि तोफा विकत घेऊन भागणार नाही, माणसं नव्या पद्धतीने शिकवावी लागतील, हे तेव्हा दरबारातल्या काहींना कळलं. १८९६ मध्ये ली दुआनफन या अधिकाऱ्याने बादशहाला अर्ज लिहून राजधानीत मोठं विद्यालय काढा असं सुचवलं. दोन वर्षं तो अर्ज पडून राहिला. १८९८ च्या उन्हाळ्यात तरुण बादशहा ग्वांगशूने कांग यूवेई आणि लिआंग छिछाओ या सुधारकांच्या सल्ल्याने धडाधड सुधारणांचे हुकूम काढायला सुरुवात केली, तेव्हा या कागदावरची धूळ झटकली गेली. नियमावलीचा मसुदा लिआंग छिछाओने केला. तेव्हा तो पंचविशीचा होता.

नाव ठेवलं ‘जिंगश दाश्वे थांग’, म्हणजे राजधानीतलं महाविद्यालय. गंमत अशी की सुरुवातीला ते विद्यापीठही होतं आणि शिक्षण खातंही. देशभरातल्या नव्या शाळांवर देखरेख करायचं काम त्याच्याकडेच दिलेलं होतं.

त्या सुधारणा तर शंभर दिवसांत गुंडाळल्या. मग हे कसं वाचलं?

२१ सप्टेंबर १८९८ ला राजमाता त्सशीने सत्ता हातात घेतली आणि भाच्याला, म्हणजे बादशहा ग्वांगशूला, नजरकैदेत टाकलं. कांग आणि लिआंग परदेशी निसटले. सहा सुधारकांची आठवड्याभरात मुंडकी उडवली. बहुतेक सगळे हुकूम रद्द झाले. विद्यापीठ मात्र राहिलं.

त्याचं एक कारण म्हणजे त्याची सूत्रं सुन ज्यानाय यांच्याकडे होती. ते स्वतः बादशहाचे गुरू, दरबारातले मुरलेले गृहस्थ. त्यांच्यावर बंडखोरीचा शिक्का बसणं शक्यच नव्हतं. पाश्चात्त्य विषयांचे प्रमुख म्हणून डब्ल्यू. ए. पी. मार्टिन हे अमेरिकी मिशनरी आधीच नेमले गेले होते, त्यामुळे विद्यापीठ बंद केलं असतं तर परकीय वकिलातींमध्ये बोभाटा झाला असता. जागाही मिळाली होती. राजवाड्याच्या मागे, जिंगशान टेकडीपासून जवळ, छ्यानलोंग बादशहाच्या चौथ्या मुलीचा जुना वाडा होता. त्या राजकन्येच्या वाड्यात वर्ग भरले.

तिथे सुरुवातीला शिकवत काय?

कागदावर बरंच काही होतं. प्रत्यक्षात प्राचीन ग्रंथांचं पाठांतर जास्त आणि बाकी सगळं तोंडी लावण्यापुरतं. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कन्फ्यूशियसच्या पाटीपुढे वंदन ठरलेलं. राजदरबारी परीक्षा अजून चालू होत्या आणि पोरांचं खरं लक्ष तिकडेच होतं, कारण हुद्दा तिथून मिळायचा. परीक्षेचा हंगाम आला की वर्ग ओस.

बॉक्सर बंडात काय झालं?

विद्यापीठ बुडालं. सुन ज्यानाय यांच्यानंतर कारभार शू जिंगछंग यांच्याकडे आला होता. हे युरोपात राजदूत म्हणून राहिलेले. १९०० च्या उन्हाळ्यात त्सशीने परकीयांवर उठलेल्या बॉक्सर बंडखोरांना हाताशी धरून सगळ्या परकीय सत्तांशी एकदम वैर घेतलं, तेव्हा हे आत्मघातकी आहे असं शू यांनी तोंडावर सांगितलं. २८ जुलैला त्यांचा शिरच्छेद झाला. सांगतात की मृत्यूला सामोरं जाण्याआधी त्यांनी विद्यापीठाच्या रशियन-चिनी बँकेतल्या ठेवीची कागदपत्रं आठवणीने सुपूर्द केली, नाहीतर बँकेने पैसे गिळले असते. ही हकीकत थोडी रंगवलेली असेलही. पण कारभाऱ्याची आठवण अशा गोष्टीतून ठेवावी, हे मला आवडतं.

नंतर परकीय फौजा शहरात आल्या. वाड्यात सैनिकांनी तळ ठोकला, पुस्तकं आणि उपकरणं गेली. जवळजवळ शून्यावर आलं.

मग १९०२ मध्ये नवीन काय झालं?

झांग बायशी यांनी नव्याने उभं केलं आणि या वेळी प्रवेश परीक्षा घेऊन मुलं घेतली. दोन विभाग उघडले: एक आधीच नोकरीत असलेल्या अधिकाऱ्यांसाठी, दुसरा शिक्षक घडवण्यासाठी. हा शिक्षक विभाग पुढे वेगळा झाला आणि त्याचं बीजिंग नॉर्मल विद्यापीठ झालं. म्हणजे ते दुसरं नामांकित विद्यापीठही याच वाड्यातलं.

जुनं भाषांतर-विद्यालय ‘थोंगवन ग्वान’ही यात विलीन केलं. ते १८६२ पासूनचं. भाषांतर कचेरी यान फू यांच्या हाती दिली. डार्विनचे विचार चिनी वाचकांपर्यंत नेणारे ते हेच. शिक्षक जपानहूनही आणले. ज्याने हरवलं त्याच्याकडूनच शिकायचं, यात कोणाला फारसं वावगं वाटलं नाही, हे विशेष.

विद्यार्थी साहेबांच्या थाटात राहायचे, हे खरं का?

बरंचसं खरं. अधिकारी विभागातले विद्यार्थी हुद्देदार, सोबत नोकर आलेले. नोकर त्यांना ‘मालक’ म्हणत. कवायतीचा मास्तर हुकूम सोडताना ‘रावसाहेब, डावीकडे वळावं!’ अशा चालीवर ओरडायचा, हा किस्सा बेइदात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. जेवणाची तर चंगळ होती. आठ जणांचं एक टेबल, समोर सहा पदार्थ आणि सार. हिवाळ्यात चार पदार्थ आणि मध्ये निखाऱ्यावर खदखदणारं भांडं, ज्यात प्रत्येकाने आपापल्या काड्यांनी मांस बुडवून शिजवायचं. कोंबडी, बदक, मासे, सगळं सरकारी खर्चाने. तिथे शिकलेल्यांनी म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत अभ्यासक्रमापेक्षा हे टेबल ठळक उरलं आहे.

याची काळी बाजूही आहे. १९१२ नंतरच्या वर्षांत शहरातल्या वेश्यावस्तीची ठरलेली गिऱ्हाइकं कोण, तर ‘दोन सभागृहं आणि एक विद्यालय’, असं लोक उघड म्हणत. सभागृहं संसदेची. विद्यालय हेच.

राजेशाही संपल्यावर?

मे १९१२ मध्ये नाव बदलून पेकिंग विद्यापीठ झालं, यान फू पहिले अध्यक्ष झाले. तिजोरीत पैसा नव्हता. सरकारला वाटलं, बंदच करावं. यान फू यांनी ‘विद्यापीठ बंद करता येणार नाही’ असं लांबलचक निवेदन लिहिलं आणि ते टिकलं. ते स्वतः मात्र ऑक्टोबरातच राजीनामा देऊन गेले.

सगळे त्साय युआनपेई यांचं नाव घेतात. त्यांनी एवढं काय केलं?

इथे थांबून बोलायला हवं, कारण माझ्या मते आज आपण ज्याला बेइदा म्हणतो ते या माणसाने केलं. बाकीच्यांनी इमारत सांभाळली.

त्साय शाओशिंगचे. जुन्या परीक्षांची सर्वोच्च पायरी चढलेले, हानलिन या दरबारी अकादमीचे विद्वान. नंतर मांचू राजवटीविरुद्धचे क्रांतिकारक. चाळिशीत जर्मनीला जाऊन लाइपझिगमध्ये विद्यार्थी म्हणून बसलेले. १९१२ मध्ये प्रजासत्ताकाचे पहिले शिक्षणमंत्री. ४ जानेवारी १९१७ ला ते अध्यक्ष म्हणून दारात आले. रिवाजाप्रमाणे शिपाई रांगेत उभे राहून वाकले. त्साय यांनी टोपी काढली आणि त्यांना वाकून नमस्कार केला. शिपाई गडबडले, कारण आधीचे अध्यक्ष त्यांच्याकडे बघतही नसत. हे दृश्य इतकं सोयीचं आहे की थोडी शंका येते, पण माणूस तसाच होता याबद्दल कुणाचं दुमत नाही.

पाच दिवसांनी पहिल्या भाषणात त्यांनी मुलांना जे सुनावलं त्याचा आशय असा: अधिकारी व्हायचं असेल तर राजधानीत कायद्याच्या शाळा भरपूर आहेत, पैसा कमवायचा तर व्यापाराच्या शाळा आहेत. मग इथे कशाला आलात? विद्यापीठ ही सखोल ज्ञानाचा शोध घेण्याची जागा आहे. ज्या संस्थेत माणसं एकोणीस वर्षं हुद्द्यासाठी येत होती, तिथे हे बोलणं म्हणजे दुकानदाराने गिऱ्हाइकांना दार दाखवण्यासारखं होतं.

मग त्यांनी माणसं जमवली. ‘नवयुवक’ मासिकाचे संपादक चेन दुश्यू यांना साहित्य शाखेचे प्रमुख केलं आणि मासिक शांघायहून बीजिंगला आलं. अमेरिकेतून परतलेले हू शी वयाच्या पंचविशीत प्राध्यापक झाले. ली दाझाओ ग्रंथपाल. लू शुन यांनी १९१७ मध्ये विद्यापीठाचं चिन्ह काढून दिलं आणि १९२० पासून ते चिनी कथासाहित्याचा इतिहास शिकवू लागले.

पण नुसते नव्या मताचेच लोक घेतले असते तर त्साय साधे गटबाज ठरले असते. त्यांनी गू होंगमिंग यांनाही ठेवलं. हे पेनांगमध्ये जन्मलेले, एडिनबरात शिकलेले, इंग्रजी साहित्य शिकवणारे आणि राजेशाही जाऊन पाच वर्षं झाली तरी डोक्यावर मांचू वेणी मिरवणारे गृहस्थ. मुलं हसली की ते म्हणत, माझी वेणी डोक्यावर आहे, तुमची डोक्याच्या आत आहे. ती कापणं सोपं नाही. राजेशाही परत आणायच्या कटात सामील झालेले लिऊ शपेई यांनाही त्साय यांनी नोकरी दिली, कारण प्राचीन ग्रंथांत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. माणूस काय शिकवतो ते बघा, घरी कोणाची पूजा करतो ते बघू नका, असा हिशेब.

कारभारही बदलला. प्राध्यापकांची निवडून दिलेली परिषद आली. अभियांत्रिकी थ्यानजिनच्या बेइयांग विद्यापीठाकडे सोपवली, कारण त्यांच्या मते व्यवसाय शिकवणं हे दुसऱ्या संस्थेचं काम. दारं इतकी सैल ठेवली की नाव न नोंदवलेले तरुण वर्गात मागे बसून ऐकत. कधीकधी नोंदवलेल्यांपेक्षा तेच जास्त असत.

भाषेवरून झालेलं भांडण काय होतं?

हू शी आणि चेन यांचं म्हणणं होतं की दोन हजार वर्षं जुन्या ग्रांथिक भाषेत लिहिणं सोडा, लोक बोलतात तसं लिहा. मार्च १९१९ मध्ये लिन शू यांनी त्साय यांना उघडं पत्र लिहून हल्ला चढवला: रस्त्यावर गाडी ओढणाऱ्यांची आणि सोयाचं दूध विकणाऱ्यांची भाषा जर विद्यापीठात चालणार असेल, तर राजधानीतल्या सगळ्या फेरीवाल्यांना प्राध्यापक करा!

हे लिन शू कोण? पूर्वी याच विद्यापीठात शिकवलेले, आणि युरोपातल्या दीडशेहून जास्त पुस्तकांचं चिनी भाषांतर करणारे, तेही एकही परकीय भाषा न येता. सोबती तोंडी अर्थ सांगायचा, हे सुंदर ग्रांथिक चिनीत झरझर उतरवायचे. नव्या पिढीने परदेशी कादंबऱ्या वाचल्या त्या त्यांच्याच लेखणीतून. त्साय यांनी शांतपणे उत्तर दिलं की इथे सगळी मतं नांदतील, टिकेल ते टिकेल. दोन-तीन वर्षांत शाळांची पुस्तकं बोलीभाषेत आली.

माओ तिथे शिकले ना?

नाही. १९१८-१९ च्या हिवाळ्यात ते ग्रंथालयात मदतनीस होते. पगार महिना ८ युआन. अध्यक्षांना ६०० आणि चेन यांना ३०० मिळत. माओंचं काम वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्यांची नावं वहीत लिहिण्याचं. नवसंस्कृती चळवळीतली, म्हणजे जुनी भाषा आणि जुने विचार सोडा म्हणणाऱ्यांतली मोठी नावं त्या वहीत उतरत होती, पण बोलायला कोणालाच वेळ नव्हता. आपली जागा इतकी खालची होती की लोक टाळत, असं त्यांनी १९३६ मध्ये एका अमेरिकी पत्रकाराला सांगितलं. सतरा वर्षं झाली तरी ते विसरले नव्हते.

४ मे १९१९ ला काय घडलं?

रविवार होता. शांडोंग प्रांतातले जर्मनीचे हक्क पॅरिसच्या तह-परिषदेत चीनला परत न देता जपानला दिले, ही बातमी आली होती. बेइदासह तेरा संस्थांचे सुमारे तीन हजार विद्यार्थी थ्यानआनमन चौकात जमले. मोर्चाचं जाहीर पत्रक लुओ ज्यालुन या बेइदाच्या विद्यार्थ्याने लिहिलेलं. ते बोलीभाषेत होतं, म्हणजे आधीचं भांडण इथे कामाला आलं. वकिलातींच्या भागात जाऊ दिलं नाही, तेव्हा मोर्चा जपानधार्जिणे समजले जाणारे मंत्री त्साओ रूलिन यांच्या घराकडे वळला. घर पेटलं, तिथे सापडलेले चीनचे जपानमधले राजदूत झांग झोंगश्यांग यांना बेदम मार बसला. ३२ जणांना अटक झाली.

त्साय यांना मोर्चे आवडत नव्हते. तरीही मुलांना सोडवायला ते धावले, ७ मेला मुलं सुटली, आणि दोन दिवसांनी राजीनामा ठेवून अध्यक्षमहाशय शहरातून निघून गेले. जूनमध्ये अटकेतल्या विद्यार्थ्यांनी तुरुंग भरले, तेव्हा कायदा शाखेच्या इमारतीचाच तुरुंग केला. शांघायमध्ये दुकानं आणि गिरण्या बंद पडल्या. शेवटी चीनने व्हर्सायच्या तहावर सही केली नाही. त्साय सप्टेंबरात परतले.

मुलींना प्रवेश कधी?

फेब्रुवारी १९२० मध्ये. आधी गान्सू प्रांतातून देंग चुनलान या तरुणीने त्साय यांना पत्र लिहून प्रवेश मागितला होता. त्साय यांनी पळवाट छान काढली: विद्यापीठाचे विद्यार्थी पुरुषच असावेत असं खात्याच्या नियमात कुठे लिहिलंय? तसं लिहिलेलंच नव्हतं, कारण लिहायची गरज कोणाला वाटली नव्हती. वांग लान ही पहिली. वसंतापर्यंत श्रोत्या म्हणून नऊ जणी वर्गात बसत होत्या.

म्हणजे तो काळ सुवर्णकाळच होता?

तसं म्हणणाऱ्यांनी १९२१ आणि १९२२ बघावं. युद्धखोर सेनापतींच्या सरकारने महिनोन्‌महिने पगार दिले नाहीत. प्राध्यापकांनी संप केला, मोर्चा नेला आणि मार खाल्ला. पुढच्या वर्षी वर्गातल्या छापील टिपणांचे पैसे आकारायचं ठरलं, तर विद्यार्थी कचेरीवर चालून आले. नेहमी मवाळ असणारे त्साय बाह्या सरसावून पुढे आले आणि ओरडले, ‘या, एकेक जण, मी द्वंद्वाला तयार आहे!’ गर्दी मागे सरली. त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. राजीनामा देणं आणि परत येणं यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. १९२७ मध्ये सेनापती झांग झुओलिन याने राजधानीतली नऊ उच्चशिक्षण केंद्रं एकत्र करून बेइदा हे नावच पुसलं. ते परत मिळायला १९२९ उजाडलं.

भारताशी काही संबंध?

होता, आणि तोही लवकर. १९१७ मध्ये त्साय यांनी भारतीय तत्त्वज्ञान शिकवायला लिआंग शूमिंग यांना बोलावलं. वय चोवीस, विद्यापीठाची पदवी नाही, फक्त एक लेख छापून आलेला. पाठोपाठ एस्टोनियाकडचे बॅरन फोन स्टाएल-होल्स्टाइन संस्कृत शिकवू लागले आणि त्यांची व्याख्यानं चिनीत सांगायला उभे राहत खुद्द हू शी. १९४६ मध्ये जर्मनीत संस्कृत शिकून आलेले जी श्यानलिन यांनी पौर्वात्य भाषांचा विभाग उभा केला. वाल्मीकी रामायण चिनीत आणणारे ते हेच.

मराठी वाचकांसाठी आणखी एक नाव: पुण्याचे वसंत परांजपे. चिनी सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९४७ मध्ये ते बेइदात शिकायला गेले, राजवट बदलताना तिथेच होते आणि पुढे नेहरू-माओ भेटीत दुभाषे म्हणून बसले.

हे चीनमधलं सगळ्यात जुनं विद्यापीठ का?

थ्यानजिनचं बेइयांग १८९५ चं आहे, त्यामुळे नाही. मात्र मध्यवर्ती सरकारने राजधानीत काढलेलं पहिलं, हे बरोबर. काही जण हान काळातल्या राजविद्यालयापर्यंत, म्हणजे दोन हजार वर्षं मागे मुळं नेतात. बेइदाने स्वतः तसा दावा करायचं टाळलं, हे बरंच झालं.

बेइदाच्या फोटोंत दिसतो तो तळ्याकाठचा सुंदर मनोरा, तिथे हे सगळं घडलं?

नाही, आणि फोटो लावताना बहुतेकांची इथेच चूक होते. तळं आणि मनोरा हायद्यान भागात आहेत. तो परिसर यनजिंग या मिशनरी विद्यापीठाचा. मनोरा तर मुळात पाण्याची टाकी आहे. बेइदा तिथे गेलं १९५२ मध्ये. वर सांगितलेलं सगळं शहराच्या मध्यभागी, शाथान भागात घडलं. तिथे १९१८ मध्ये पूर्ण झालेली ‘लाल इमारत’ अजून उभी आहे. वसतिगृह म्हणून बांधायला घेतलेली, पण झाली वर्ग आणि ग्रंथालय. तळमजल्याच्या कोपऱ्यात ली दाझाओंची खोली आहे. आता तिथे संग्रहालय आहे.

मग वाढदिवस कधी?

आज ४ मे, मोर्चाच्या दिवशी. हा बदल पन्नाशीच्या दशकातला. डिसेंबरात थंडी असते आणि परीक्षा जवळ येतात, हेही कारण तेव्हा दिलं गेलं. त्याआधी साजरा व्हायचा १७ डिसेंबरला. म्हणजे वर्ष मोजायचं १८९८ पासून आणि दिवस धरायचा १९०२ चा.

पन्नासावा वाढदिवस १७ डिसेंबर १९४८ ला येत होता. अध्यक्ष होते हू शी, आणि योगायोगाने त्यांचाही जन्मदिवस तोच. पण कम्युनिस्ट फौजांनी शहराला वेढा घातला होता. १५ तारखेला नानजिंगमधल्या राष्ट्रवादी सरकारने पाठवलेल्या विमानातून हू शी निघून गेले. दोन दिवसांनी नानजिंगमध्ये माजी विद्यार्थ्यांनी छोटा समारंभ केला. तिथे ते उभे राहिले आणि म्हणाले, मी काम टाकून पळालेला शिपाई आहे. पुढे त्यांना बोलवेना.